भूक मारायची आणि बळ विकायचे

शहरातील कोणत्याही मोठ्या औषधदुकानाची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. काउंटरमागे एक छोटे शीतकपाट असते. त्यात वजन उतरवणारी इंजेक्शने ठेवलेली असतात. त्याच कपाटाच्या वर, ग्राहकाची नजर सहज पडेल अशा उंचीवर, प्रथिनांच्या पावडरींचे चकचकीत डबे, जीवनसत्त्वांच्या बाटल्या आणि केस गळू नयेत म्हणून चघळायच्या रंगीत गोळ्या यांची रांग लागलेली असते. खालच्या कपाटातील वस्तू माणसाची भूक मारते. वरच्या फळीवरील वस्तू भूक मेल्यामुळे शरीरात जी तूट येते ती भरून काढण्याचे आश्वासन देते. गिऱ्हाईक एकच, गल्ला एकच. पैसे मात्र दोनदा मोजायचे. या मांडणीत दुकानदाराचा काही विशेष दोष नाही. तो बिचारा कमिशनवर जगतो. दोष आहे तो या व्यवहाराला आरोग्यसेवा म्हणण्याचा.

ही औषधे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणू नये. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही दोन्ही औषधे मेंदूतील भुकेच्या केंद्रावर परिणाम करतात, जठर रिकामे होण्याची गती मंदावतात आणि रक्तातील साखर आटोक्यात आणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. टिर्झेपेटाइडच्या २०२२ सालच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर ही घट ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या पुढे गेली. ज्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर आहेत, तेथे अशा औषधाला नाक मुरडणे हा करंटेपणा ठरेल. पुरोगामी वर्तुळांतही एक सूर ऐकू येतो, की हा सारा श्रीमंतांचा चोचला आहे. खाऊन माजलेल्यांनी आता सुई टोचून घ्यावी, त्यात चळवळीला काय देणेघेणे? या सुरात अज्ञान आहे आणि थोडा क्रूरपणाही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील चोवीस टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. ग्रामीण स्त्रियांपुरते पाहिले तरी पाचांतील एक. या बायका माजलेल्या नाहीत. स्वस्त तेल, स्वस्त मैदा, साखरेचा चहा आणि शिधापत्रिकेवरचा तांदूळ यांवर त्यांचे शरीर वाढले आहे. त्याच पाहणीत सत्तावन्न टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्थूलता आणि कुपोषण एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात, एकत्र नांदतात. या लेखाचा सारा विषय या एका वस्तुस्थितीत सामावलेला आहे.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड भारतात ‘मौंजारो’ या नावाने आले, तेव्हा आठवड्याच्या एका लहान मात्रेची कुपी साडेतीन हजारांना आणि त्यावरची ४,३७५ रुपयांना होती. म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचे ‘वेगोव्ही’ आले. त्याचीही मासिक किंमत सतरा हजारांपासून सुरू होऊन मात्रेगणिक सव्वीस हजारांपर्यंत चढत होती. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच कंपनीने त्याच औषधाच्या किमती ३७ टक्क्यांपर्यंत खाली आणल्या. संशोधनाचा खर्च भरून काढण्यासाठी उंच किंमत अपरिहार्य असते, असे जे शास्त्र सांगितले जाते, त्या शास्त्रात पाच महिन्यांत कोणती क्रांती झाली? काहीही नाही. सेमाग्लुटाइडवरील भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती आणि देशी कंपन्या आपली स्वस्त इंजेक्शने घेऊन दाराशी उभ्या होत्या. स्पर्धा दिसताच जी किंमत एका दिवसात उतरते, ती खर्चावर आधारलेली नव्हती, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

औषध स्वस्त होणे ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि त्याबरोबर हे औषध घेणारा माणूसही बदलतो. आतापर्यंत तो प्रामुख्याने मलबार हिल किंवा कोरेगाव पार्कमध्ये राहत होता. त्याच्या दिमतीला आहारतज्ज्ञ होता, व्यायामशिक्षक होता, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी होती. यापुढे एस. टी.चा चालक, रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, एखादा मुकादम, मधुमेहाने त्रस्त झालेला माथाडी हेही ते घेऊ लागतील. त्यांना चिठ्ठी मिळेल आणि सुई मिळेल. ‘आता काय खायचे’ हे सांगणारे कोणी मिळणार नाही. ती जागा डब्यावरील जाहिरात भरून काढील.

येथे स्नायूंचा प्रश्न येतो. वजनकाट्यावरील आकडा उतरतो तेव्हा केवळ चरबीच उतरते असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. सेमाग्लुटाइडच्या उपरोक्त चाचणीत काही सहभागींच्या शरीराची क्ष-किरणांनी मोजणी केली असता उतरलेल्या वजनापैकी सुमारे चाळीस टक्के भाग चरबीविरहित वस्तुमानाचा होता. त्यात स्नायू आले, पाणीही आले. टिर्झेपेटाइडच्या बाबतीत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास निघाले. उपासाने वजन उतरवले तरी असे काही प्रमाणात घडतेच, तेव्हा हा दोष एकट्या औषधाचा म्हणता येणार नाही. परंतु ज्याला भूकच लागत नाही, तो माणूस दोन वेळच्या जेवणात चार घास खाऊन ताट सारतो. ते चार घास भाताचे असले, तर शरीर आपली गरज आपल्याच मांसातून भागवते.

बैठे काम करणाऱ्याचे दोन किलो स्नायू गेले, तर जिना चढताना त्याला धाप लागेल. माथाड्याचे गेले, तर त्याची रोजी जाते. श्रमिकाच्या मालकीचे असे एकच भांडवल असते आणि ते त्याच्या खांद्यांत, पाठीत व मांड्यांत साठवलेले असते. बँक त्यावर कर्ज देत नाही, विमा कंपनी त्याचे मोल करीत नाही, म्हणून ते भांडवल नाही असे होत नाही. शिवाय गरिबाचे औषध मध्येच सुटते. पगार लांबला, घरात आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, की पहिली काटछाट स्वतःच्या इंजेक्शनवर होते. सेमाग्लुटाइड बंद केलेल्या सहभागींचा पुढील वर्षभर मागोवा घेतला असता उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे दिसून आले. गेलेले स्नायू त्याच प्रमाणात परत येतील याची मात्र कोणी हमी देत नाही. म्हणजे वर्षभर पैसे मोजून अखेर हाती काय, तर थोडी कमी झालेली चरबी आणि पूर्वीपेक्षा दुबळे झालेले शरीर! साठी उलटलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे दुबळेपण पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरुणाला खिळणे इथवर जाऊ शकते.

तेव्हा पूरक पोषणाची गरज खरी आहे. कंपन्यांनी ती शोधून काढलेली नाही. त्यांनी ती हेरली आहे. अमेरिकेत २०२४ साली अ‍ॅबट कंपनीने वजन उतरवणाऱ्यांसाठी खास प्रथिनपेय काढले, नेस्लेने भूक मारणारी औषधे घेणाऱ्यांसाठी गोठवलेल्या जेवणांची स्वतंत्र मालिका जाहीर केली. जे पदार्थ विकून या उद्योगाने जगाला स्थूल केले, त्याच उद्योगाने आता स्थूलतेवरील औषधाच्या सोबतीचे अन्न विकावे, याला मराठीत काय म्हणावे? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे, याहून समर्पक शब्द सुचत नाहीत.

मग गरज नेमकी किती आणि ती कितीत भागते, हा रोकडा प्रश्न उरतो. जाहिराती त्याच्याभोवती धुके निर्माण करतात, म्हणून तो जरा विस्ताराने पाहिला पाहिजे.

भारतीय माणसासाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने ही मान्यताप्राप्त शिफारस आहे. सत्तर किलोच्या माणसाला ती अठ्ठावन्न ग्रॅम होते. वजन वेगाने उतरत असताना स्नायू टिकावेत म्हणून डॉक्टर साधारणतः किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, काही वेळा त्याहून थोडे अधिक, सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे प्रमाण वाढवू नये. आता बाजारभावाने हिशेब करावा. किंमत भागिले प्रथिनांचे ग्रॅम, एवढेच गणित. चौथीतल्या मुलाला येईल असे.

सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. किलोला दीडशे रुपये भाव धरला तर दहा ग्रॅम प्रथिने तीन रुपयांत पडतात. फुटाणे, हरभऱ्याची डाळ किंवा तूरडाळ घेतली, तर पाच-सहा रुपयांत. शेंगदाणे सहा रुपयांच्या आसपास. पण त्यांत तेल भरपूर, म्हणून मूठभरच. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, म्हणजे दहा ग्रॅमला बारा रुपये. मलईविरहित दुधाची साधी भुकटी, जी कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही, तीही त्याच दराच्या जवळपास बसते. आता वरच्या फळीवर हात घालावा. किलोला तीन हजार रुपयांचा विलायती व्हे प्रथिनांचा डबा घेतला, तर दहा ग्रॅमला चाळीस रुपये. आणि ‘प्रौढांसाठी संपूर्ण पोषण’ अशी ग्वाही देणारा, चारशे ग्रॅमला सातशे रुपये मोजायला लावणारा डबा घेतला, ज्यात शंभर ग्रॅममागे प्रथिने पंधरा-सोळा ग्रॅम आणि उरलेला बहुतांश भाग साखर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि तेलाचा असतो, तर त्याच दहा ग्रॅमला शंभराच्या वर रुपये पडतात. तीन रुपये आणि शंभर रुपये! या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे डबा, डब्यावरचा हसरा म्हातारा, दूरदर्शन संचावरील तीस सेकंद आणि डॉक्टरांच्या टेबलावरील मोफत दिनदर्शिका.

एका दिवसाचे ताट मांडून पाहावे. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी एक भाकरी व घट्ट वरणाची वाटी, चार वाजता मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध, रात्री तीस ग्रॅम सोयावड्यांची भाजी, भाकरी व वाटीभर दही. यातून साठ ग्रॅमच्या घरात प्रथिने मिळतात आणि खर्च पन्नास-साठ रुपयांच्या पलीकडे जात नाही. ज्यांच्या घरी अंडे शिजत नाही त्यांनी त्याजागी मुगाचे धिरडे आणि ताक धरावे. प्रथिने थोडी कमी, खर्चही कमी. जेवताना डाळ, अंडे किंवा उसळ आधी खावी आणि भात-भाकरी नंतर, कारण चार घासांनी पोट भरणार असेल तर ते चार घास कामाचे असले पाहिजेत. या एका वाक्याच्या सल्ल्यासाठी आहारतज्ज्ञ हजार रुपये घेतो.

डब्याच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. इंजेक्शन सुरू झाल्यावरचे पहिले आठवडे आणि मात्रा वाढवल्यानंतरचे दिवस मळमळीचे असतात. जठर सावकाश रिकामे होत असते. अशा वेळी सोयावड्या आणि उसळी घशाखाली उतरत नाहीत, उतरल्या तर पोटात दगडासारख्या बसतात. त्या दिवसांत पातळ, घोटाघोटाने घेता येणारे प्रथिन उपयोगी पडते, आणि ते पावडरीचे असले तर त्यात काही पाप नाही. परंतु त्यासाठी दुधात कालवलेली दुधाचीच भुकटी चालते, ताकात कालवलेले डाळ्याचे बारीक पीठ चालते. आणि पावडरच हवी असेल तर जनऔषधी केंद्रांवर साधी प्रथिन पावडर मिळते, ती आधी विचारावी. महिनाभराची निकड आयुष्यभराची सवय होऊ नये, एवढेच पाहायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी प्रथिन पावडरींच्या मागे लागू नये असाच सल्ला आहे.

जीवनसत्त्वांच्या बाटल्यांचे प्रकरण थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. शाकाहारी माणसात, आणि त्यातही मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यात, बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते. तिची तपासणी करावी आणि फक्त बी-१२ ची गोळी घ्यावी. ड जीवनसत्त्व कमी निघाले तर तेवढेच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरते घ्यावे. ते शरीरात साठते, म्हणून अधिक घेतल्यास विषासारखे बाधते. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात स्त्रियांना मोफत मिळतात. नाचणीच्या भाकरीत आणि दुधात चुना पुष्कळ असतो. बद्धकोष्ठावर इसबगोल आणि पाणी. बत्तीस घटकांच्या कॅप्सुलीत यांपैकी प्रत्येक गोष्ट चिमूटभर असते आणि कोणतीच पुरेशी नसते. केस गळण्यावरच्या गोळ्यांचा तर कहर आहे. वजन झपाट्याने उतरले की तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा आपसूक परत येतात. बायोटिनची कमतरता नसणाऱ्याला बायोटिन देऊन काही साधत नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे निष्कर्ष बिघडवू शकते. ज्याला छातीत दुखते म्हणून रुग्णालयात न्यावे, त्याची चाचणी एका केसांच्या गोळीने फसवावी, ही आधुनिक बाजारपेठेची देणगी आहे.

प्रश्न असा, की तीन रुपयांची वस्तू शंभराला विकण्याची मुभा या देशात कोणी दिली? ती कायद्याने दिली आहे. वस्तूला ‘औषध’ म्हटले की तिच्यावर औषध नियंत्रकाची नजर पडते आणि किमतीवर मर्यादा येण्याची निदान शक्यता तरी निर्माण होते. तीच वस्तू ‘आरोग्यपूरक’ म्हणून नोंदवली की ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमावलीखाली जाते आणि अन्नाच्या किमतीवर औषधांच्या किमतीचा आदेश चालत नाही. गोळी तीच, यंत्र तेच. फक्त परवान्याचा रकाना वेगळा. अशी पळवाट दिसल्यावर शहाणा कारखानदार कोणत्या दाराने बाहेर पडेल, हे सांगायला नको.

औषधांच्या किमतींवरील नियंत्रणाचीही कथा फारशी उत्साहवर्धक नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली आपला अहवाल दिला. औषधे मूळ नावाने विकावीत, आवश्यक औषधांना अग्रक्रम द्यावा, परदेशी कंपन्यांची पकड ढिली करावी, असे तिने स्पष्टपणे सांगितले होते. १९७९ च्या आदेशाने ३४७ औषधे किंमत नियंत्रणाखाली आणली. १९८७ मध्ये ती १४२ झाली, १९९५ मध्ये ७४. २०१३ च्या आदेशाने आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे पुन्हा नियंत्रणात घेतली खरी; पण कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरवण्याऐवजी बाजारात चालू असलेल्या किमतींच्या सरासरीवरून ठरवण्याची रीत घालून दिली. म्हणजे लूट किती आहे ते मोजायचे, तिची सरासरी काढायची आणि त्या सरासरीला न्याय्य किंमत म्हणायचे. पूरकांना एवढाही लगाम नाही.

बरे, शंभर रुपये मोजून निदान डब्यावर लिहिलेले तरी आत असते काय? केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतीय बाजारातील ३६ प्रथिन पावडरींची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जवळजवळ सत्तर टक्के पावडरींत प्रथिनांचे प्रमाण लेबलवरील दाव्याशी जुळत नव्हते. चौदा टक्क्यांत बुरशीजन्य विष सापडले, आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. हे काम काही डॉक्टरांनी आपल्या हिमतीवर केले. ज्या यंत्रणेचे ते काम होते, ती यंत्रणा परवाने देण्यात गुंतलेली होती.

यावर पर्याय नाही असे जे म्हणतात त्यांनी थोडा इतिहास चाळावा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने पन्नासच्या दशकात एक पीठ तयार केले होते. तीन भाग शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, वर थोडी जीवनसत्त्वे आणि चुना. त्यात चाळीस टक्क्यांवर प्रथिने होती. नावही साधे, ‘बहुउपयोगी अन्न’. आज एखाद्या दुकानात ते मागितले तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर मजुरांच्या कुटुंबांना सुकडी वाटली गेली. त्या सुकडीची चव आजही त्या पिढीच्या जिभेवर आहे. ते राज्य गरीब होते, धान्य आयात होत होते. तरीही पूरक पोषण ही शासनाने करावयाची गोष्ट आहे, एवढी जाण त्या काळी होती. आज राज्य श्रीमंत आहे आणि शालेय आहारातील अंड्याचा खर्च त्याला पेलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. ज्या पोराला वाढत्या वयात अंडे मिळाले नाही, त्याला चाळिशीत सुई आणि डबा विकता येईल, असा हा दीर्घ पल्ल्याचा विचार असावा!

आणि ज्या पिकातून सर्वांत स्वस्त प्रथिने मिळतात, ते पीक कोठे पिकते? लातूर, धाराशिव, वाशिम, अमरावती. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या जवळपास प्रथिने असतात. या भावाने दहा ग्रॅम प्रथिनांमागे शेतकऱ्याच्या वाट्याला दीड रुपयाही येत नाही. शिवाय हमीभाव कागदावर असतो आणि बाजार समितीत मिळणारा भाव बहुतेक हंगामांत त्याहून बराच खाली असतो. सोयाबीनचे तेल काढले की उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशी जहाजांवर चढते. तिच्यातून माणसाच्या ताटात येते ती अल्पस्वल्प. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे प्रथिन मातीमोल भावाने बाहेर जाते आणि परदेशातील चीज कारखान्यांचे उपउत्पादन असलेले व्हे डब्यात भरून सोन्याच्या भावाने आत येते. मधल्या मध्ये लातूरच्याच शेतकऱ्याला मधुमेह होतो, डॉक्टर त्याला इंजेक्शन लिहून देतो आणि दुकानदार डबा पुढे करतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते हेच.

सूचना करायच्या तर त्या अगदी माफक आहेत. वजन उतरवणाऱ्या औषधाची चिठ्ठी सरकारी रुग्णालयात लिहिली जाईल, तेथे आहाराचा मराठीत छापलेला एक कागद रुग्णाच्या हाती पडावा. त्यात डबे नसावेत, डाळी आणि भाव असावेत. बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि चुना या एकेकट्या गोळ्या कोणत्याही परवान्याखाली विकल्या गेल्या तरी त्यांना औषधांच्या किंमत नियंत्रणातून सुटका नसावी. म्हैसूरच्या जुन्या सूत्राचे पीठ, सोयाबीनची जोड देऊन, लातूर किंवा वाशिमच्या सहकारी संस्थांकडून तयार करून घ्यावे आणि ते रास्त भाव दुकानांतून विकावे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारखा कारखाना १९५४ साली उभारून ज्या देशाने पेनिसिलिन स्वतः बनवून दाखवले, त्याला शेंगदाण्याचे पीठ जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. तो कारखाना विकून टाकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला, ही गोष्ट निराळी.

आणि एक सूचना तर अशी आहे, की तिला पैसाही लागत नाही. वेष्टनबंद वस्तूंवर दर ग्रॅममागे किंमत छापण्याची सक्ती वैधमापनाच्या नियमांत आधीच आहे. तिच्यात एका ओळीची भर घालावी: प्रथिनांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर दहा ग्रॅम प्रथिनांची किंमत, कंपनीच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरांत. उद्योगाच्या संघटना या एका ओळीला किती कडवा विरोध करतात, ते पाहण्यासारखे असेल.